ज्याचं नाव, त्याचं भांडं

आमच्या वडनेर भोलजीत काय, नांदुऱ्यात काय किंवा मलकापुरात काय, कचऱ्याचा विषय निघाला की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. लोकांना शिस्त नाही. घंटागाडी रोज यायला हवी. ओला-सुका वेगळा करायला शिकवलं पाहिजे. शाळेच्या पोरांची फेरी काढली पाहिजे. यातलं काहीच चूक नाही. तरीही एवढ्यावर थांबणं उथळपणाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. कारण या सगळ्या बोलण्यात कचरा घरात आल्यानंतरचा विचार आहे. तो घरात आला कसा, याचा नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. खाण्याच्या वस्तूंच्या वेष्टनाचा कचरा कचरापेटीपाशी ठरत नाही, किराणा दुकानाच्या गल्ल्यापाशी ठरतो. वस्तू ज्या भांड्यातून येते ते भांडं कुणाचं आहे आणि काम झाल्यावर ते कुणाकडे परत जाणार आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं जिथे आहेत तिथे कचरा होत नाही. जिथे ती नाहीत, तिथे कितीही झाडलं तरी तो राहतोच.

आपल्या वऱ्हाडातलं एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे, पण आपण ते अर्धंच पाहिलं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी जानोरकर गाडगेबाबा झाले. त्यांच्या हातातला खराटा सगळ्यांना आठवतो. राज्य सरकारनं २०००-०१ साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते त्यांच्याच नावानं, आणि तेव्हापासून गावोगावच्या भिंतींवर बाबांचा खराटा रंगवलेला दिसतो. पण लोकांनी त्यांना नाव दिलं ते खराट्यावरून नाही, गाडग्यावरून. ते जिथे जात तिथे स्वतःचं मातीचं गाडगं बरोबर असे, भाकरी त्यातच घेत, त्यातच खात. खराटा गावानं केलेला कचरा काढायला होता. गाडगं होतं म्हणून त्यांच्या जेवणाचा कचराच होत नव्हता. पंचवीस वर्षं आपण खराटा चालवला. गाडग्याचं काय करायचं, हे अजून ठरवलेलं नाही.

एका पोत्याची झडती

लिहायला बसण्याआधी मी घराच्या मागच्या दारी एक पोतं टांगलं. आठ दिवस खाण्यापिण्याचं जे काही वेष्टन घरात आलं ते त्यात टाकलं. आठव्या दिवशी अंगणात ओतलं. तेलाच्या पिशव्या, दुधाच्या पिशव्या, बिस्किटांचे पुडे, मसाल्याच्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या, चहाच्या पुड्या, मिठाची पिशवी, साबुदाण्याची, रव्याची, पोरांच्या चिप्स-कुरकुऱ्यांची चकचकीत रॅपरं. त्यांतच एक तेलाचा पत्र्याचा डबा, थंड पेयाच्या दोन बाटल्या आणि एक पुठ्ठ्याचं खोकं. अंगणात ओतलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. जवळपास प्रत्येक पिशवीचा कापलेला कोपरा वेगळा झाला होता. दुधाच्या पिशवीचा, तेलाच्या पिशवीचा, मसाल्याच्या पुडीचा. नखाएवढे ते तुकडे पोत्याच्या तळाशी साचले होते. जे पोत्यात आले नाहीत ते मोरीतून नालीत गेले असणार.

भंगारवाला आला तेव्हा पोतं त्याच्यापुढे केलं. त्यानं डबा घेतला, दोन्ही बाटल्या घेतल्या, पुठ्ठा दुमडून गाडीवर टाकला आणि उरलेलं पोतं परत माझ्या हातात दिलं. बोलला काहीच नाही. बोलण्याची गरजही नव्हती.

भंगारवाल्याइतका चोख हिशेबनीस गावात दुसरा नाही. ज्या वस्तूला पुढे कुणीतरी घेणारा आहे तीच तो उचलतो. पत्रा वितळतो, पुठ्ठ्याचा लगदा होतो, पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक एकाच जातीचं असल्यामुळे त्याचा धागा निघतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, गठ्ठा करून दिल्या तर मोठ्या शहरात त्यांनाही भाव मिळतो. चिप्सच्या रॅपरचं मात्र काही होत नाही. बाहेरचा छपाईचा थर एका प्लॅस्टिकचा, त्याच्या आत ॲल्युमिनियमचा मुलामा, त्याच्या आत चिकटणारं दुसरं प्लॅस्टिक, आणि हे सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की पुन्हा सुटं करणं परवडत नाही. शिवाय वजन. एका पुडीचं दोन ग्रॅम धरलं तरी किलोभर व्हायला पाचशे पुड्या उचलाव्या लागतात, त्याही वेगवेगळ्या पाचशे जागांवरून वाकून. रोजीवर पोट असलेला माणूस हे का करील?

म्हणजे 'वेगळं करा, पुढे त्याचं रिसायकलिंग होतं' हे वाक्य पोत्यातल्या चार वस्तूंना लागू पडतं. बाकीच्यांना नाही. आपल्याला शिकवलं जातं ते मात्र सगळ्या पोत्याबद्दल.

गावाला याचं नुकसान वेगळं

शहरात कचरा म्हणजे घाण, दुर्गंधी, तुंबलेली गटारं. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर राज्यभर बोलणं सुरू झालं ते तुंबलेल्या नाल्यांमुळे. गावाचं दुखणं दुसरं आहे, आणि ते शहरातल्या भाषेत मांडलं गेल्यामुळे आपल्यालाच नीट दिसत नाही.

आपल्याकडे घरातून निघणारं काही वाया जाण्याची रीतच नव्हती. शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीची राख, भाजीची देठं, निवडलेल्या धान्यातला केर, सगळं उकिरड्यावर जायचं आणि उन्हाळ्यात खत होऊन शेतात पडायचं. उकिरडा ही घाणीची जागा नव्हती, ती घराची ठेव होती. ज्याचा उकिरडा मोठा त्याची शेती कसदार, असा साधा हिशेब होता. लग्नाच्या पंगतीच्या पत्रावळीसुद्धा पळसाच्या पानांच्या, हिरकुटांनी टाचलेल्या. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले ते बाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. घराघरांत ही कथा सांगितली जाते. तिच्यातला एक तपशील आपण सहज ओलांडून जातो: पंगतीनंतर बाहेर पडलेलं जे होतं ते अन्न आणि पान एवढंच होतं. माणसानं वेचलं नसतं तर गाईनं खाल्लं असतं, गाईनं नाही तर मातीनं.

आता त्याच उकिरड्यावर पन्नी येते. शेणाबरोबर कालवली जाते, ट्रॉलीत भरली जाते, काळ्या रानात पसरली जाते. वखराच्या पासेला अडकते. दोन-चार वर्षांत तिच्या चिंध्या होतात, पण माती होत नाही. कपाशीच्या पट्ट्यात तर तिचा फटका थेट मालाला आहे. वेचणीत बोंडाबरोबर आलेली प्लॅस्टिकची चिंधी जिनिंगमध्ये सुटली नाही तर धाग्यात उतरते, रंग धरत नाही आणि रंगवलेल्या कापडावर पांढुरका डाग म्हणून उभी राहते. गोठ्यातलं जनावर तेलकट-खारट वासाला भुलून पुडीसकट खातं आणि ती पोटात साचत जाते.

मग शेतकरी काय करतो? उकिरड्यावरच काडी लावतो. घरात चूल पेटवायलाही पुड्या कामी येतात, कारण त्या चटकन पेट घेतात. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास बंदी घातली आणि साध्या जाळण्याला ५,००० रुपये, मोठ्या ढिगाला २५,००० रुपये दंड ठरवला. पण ज्याला भंगारवाला घेत नाही, माती पचवत नाही आणि जनावरानं खाऊ नये असं वाटतं, त्याचं घरातल्या बाईनं करायचं काय, हे कुणी सांगितलं नाही. त्या धुरात सगळ्यांत जवळ बसलेली तीच असते.

पुडी म्हणजे अंतर

वेष्टन वाईट आहे, असं माझं म्हणणं नाही. ते कशासाठी असतं हे आधी समजून घ्यायला हवं. चकचकीत पुडी हवा, ओल आणि उजेड आत येऊ देत नाही. त्यामुळे तळलेली वस्तू महिनोन्महिने खवट होत नाही. म्हणजे पुडी राखते ती चव नव्हे, ती अंतर आणि काळ राखते. कारखाना शेकडो मैलांवर आहे आणि माल दुकानात कधी खपेल ठाऊक नाही, म्हणून ती लागते. शेगावची कचोरी कागदात बांधून मिळते, कारण ती सकाळी तळली जाते आणि दुपारपर्यंत संपते. तिला सहा महिन्यांचं आयुष्य लागतच नाही.

या नजरेनं माझ्या अंगणातला ढीग पुन्हा पाहिला तर त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग इथंच पिकणाऱ्या वस्तूंचा. तूर, हरभरा, गहू, ज्वारी. आपल्या शिवारातली तूर अकोल्याच्या डाळमिलात जाते आणि तिचीच डाळ किलोच्या चकचकीत पिशवीत बांधून आपल्याच गावात येते. हरभऱ्याचं बेसन होऊन अर्ध्या किलोच्या पुड्यात परत येतं. इथे वेष्टनाची काहीच गरज नव्हती. अंतर नव्हतं, ते आपण तयार केलं.

दुसरा भाग दुरून येणाऱ्या पण मुळात टिकाऊ वस्तूंचा. साखर, साबुदाणा, शेंगदाणे. दुकानदाराकडे साखर येते ती ५० किलोच्या पोत्यात. तिला किलोकिलोच्या पिशव्यांत बांधायचं कारण साखर टिकावी हे नसतं. ग्राहकाला तोलण्याची वाट पाहावी लागू नये आणि पिशवीवर नाव दिसावं, हे असतं. या भागातला कचरा निव्वळ सोयीचा आहे.

तिसरा भाग खरोखर वेष्टनावाचून न चालणाऱ्यांचा. बिस्किट मऊ पडतं. मिठातलं आयोडीन ओलीनं उडतं. तेल सुटं विकायला कायद्यानं बंदी आहे. इथे वेष्टन राहणार, हे मी मान्य करतो. पण म्हणून ते एकदाच वापरून फेकायचं असलं पाहिजे, हे त्यातून सिद्ध होत नाही.

'प्लॅस्टिक वापरू नका' हा सरसकट उपदेश या तिन्ही भागांना एकाच दोरीनं बांधतो. तिसऱ्या भागापाशी तो अडला की माणूस पहिल्या दोन भागांबद्दलचीही उमेद सोडतो.

जिथे भांडं परत जातं

परत जाणाऱ्या भांड्याची कल्पना कुणाला परदेशी किंवा फार पुढची वाटत असेल तर त्यांनी आपल्याच घरात बघावं.

गॅसची टाकी घ्या. घरात येणाऱ्या वस्तूंतली ती सर्वांत धोक्याची, आणि तिचं वेष्टन एकदाही कचऱ्यात जात नाही. अनामत भरलेली असते, रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळत नाही. तिच्यासाठी कुणी जनजागृतीची फेरी काढली नव्हती.

रेशन घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार माणशी ५ किलो धान्य मिळतं. १९८७ च्या ताग-वेष्टन कायद्यामुळे ते गोणपाटात येतं, दुकानात काट्यावर तोललं जातं आणि आपल्या थैलीत पडतं. यंत्रावर अंगठा लावायचा, थैली पसरायची. महिन्याचं धान्य घरी आलं आणि एक पन्नी नाही. याच दुकानातून २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' आला: १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर एकेक किलो आणि एक लिटर पामतेल. शिधा चांगला होता, दिवाळी गोड झाली. पण तोच काटा, तीच थैली, तोच दुकानदार असताना तीन कोरड्या वस्तू तीन पिशव्यांत बांधून आल्या. सुटं देता आलं असतं, हे ज्या दुकानानं वर्षानुवर्षं दाखवलं त्याच दुकानात हे घडलं.

आणि पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात नांदुरा तालुक्याचा काही भाग येतो. खाऱ्या पाण्यानं किडनीचे आजार पाहिलेल्या या भागात फिल्टरच्या पाण्याचा वीस लिटरचा जार घरोघरी पोचला. सकाळी भरलेला येतो, रिकामा परत जातो. त्या जाराला कचऱ्याच्या ढिगात कुणी पाहिलं आहे? त्याच पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली मात्र महामार्गाच्या कडेनं, ढाब्यांच्या मागे, नालीत, सगळीकडे दिसते. पाणी तेच, प्यायची माणसंही तीच. जार कुणाचा आहे हे ठरलेलं आहे, बाटलीचं ठरलेलं नाही. शिस्तीनं हा फरक समजावता येत नाही, मालकीनं येतो.

मुंबईला आरेचं दूध काचेच्या बाटलीत मिळायचं तेव्हा रिकामी बाटली केंद्रावर दिल्याशिवाय भरलेली मिळत नसे. गोटी सोड्याची बाटली आजही गाडीवरच पिऊन परत करायची असते. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात दारूच्या बाटल्यांच्या काचा जंगलात हत्तींच्या पायांत जात होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून २०२२ मध्ये बाटलीमागे १० रुपये जास्तीचे घेऊन बाटली परत केल्यावर ते द्यायला सुरुवात झाली. दारू पिणाऱ्यांना शिस्त लावायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बाटलीला किंमत आली आणि ती परत यायला लागली.

कायद्याला हे कळलेलं आहे

मराठी घरात नवं भांडं आलं की त्यावर नाव घालून घेतात. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजीचं नाव, कधी लग्नाची तारीख. ती वाटी साखर घेऊन शेजारी गेली तरी चार दिवसांनी परत येते, आणि रिकामी येत नाही. देवळाच्या पातेल्यांवर देवाचं नाव असतं, म्हणून गावभर फिरूनही ती देवळातच पोचतात. ज्याचं नाव, त्याचं भांडं, हा आपला जुना कायदा.

आता पुडी हातात घ्या. तिच्यावर नाव कुणाचं आहे? माझं नाही, दुकानदाराचं नाही, वडनेर भोलजीचंही नाही. ज्यानं ती बनवून विकली त्याचं आहे, मोठ्या अक्षरात, चार रंगांत. मग ते भांडं कुणाचं?

२०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी हेच उत्तर दिलं. विकणाऱ्यानं आपलं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी, आणि बहुथरी वेष्टनावर उत्पादकाचं नाव व नोंदणी क्रमांक असावा, असं त्यांत आहे. याच नियमांनी रिसायकलिंग न होणारं बहुथरी प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करायचं ठरवलं होतं. २०१८ च्या दुरुस्तीत त्याला पुस्ती जोडली गेली: ज्याचं रिसायकलिंग होत नाही, ज्यातून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्याचा दुसरा काही उपयोगही नाही, तेवढंच बंद. भट्टीत जाळता येण्यासारखं सगळं सुटलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये विस्तारित उत्पादक जबाबदारीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं आली. वेष्टनाचे चार वर्ग झाले. कडक प्लॅस्टिकच्या ४.९ लिटरपेक्षा मोठ्या भांड्यांचा २०२५-२६ पासून ७० टक्के पुनर्वापर व्हावा, असं लक्ष्य दिलं गेलं. बहुथरी पुडीसाठी पुनर्वापराचं लक्ष्यच नाही. २०२४-२५ पासून ३० टक्के रिसायकलिंग आणि ते वाढवत नेणं, एवढंच. शिवाय ही जबाबदारी टनांत मोजली जाते आणि प्रमाणपत्रं विकत घेऊन पुरी करता येते. त्याच वर्गातलं प्लॅस्टिक देशात कुठेही प्रक्रियेला गेलं की हिशेब मिटला. वडनेरच्या नालीतली पुडी नालीतच राहिली तरी कागदावर ती परत गेलेली असू शकते. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही प्रक्रिया करणाऱ्यांनी काढलेली सुमारे ६ लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली, यावरून कागद किती सोपा आहे ते कळतं.

महाराष्ट्रानं २३ मार्च २०१८ ला प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद. त्याच अधिसूचनेत एक फार मोलाची गोष्ट होती: दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापायची आणि पिशवी परत घ्यायची. तिची अंमलबजावणी झाली असती तर राज्यातल्या प्रत्येक घराला परतीच्या भांड्याची सवय लागली असती. प्रत्यक्षात लोकांच्या लक्षात राहिली ती फक्त हातातली पिशवी. भाजीवाल्या बाईला पन्नीबद्दल दंड, आणि दुकानाच्या दारात टांगलेल्या चकचकीत पुड्यांच्या माळा मात्र कायद्यात बसलेल्या. बंदीचा भार सर्वांत लहान माणसावर पडला, ही मला त्या बंदीची सर्वांत मोठी चूक वाटते.

काही आक्षेप

भेसळीचा आक्षेप सर्वांत वजनाचा आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळल्यानं जलोदरासारख्या सुजेची साथ आली, माणसं दगावली, आणि त्याच वर्षी खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा आदेश निघाला. तो आदेश योग्य होता. तेलाबाबत मी सुटं विकण्याची बाजू घेणार नाही. पण तेल बंद हवं, याचा अर्थ ते पावशेराच्या पिशवीतच हवं असा होत नाही. पंधरा किलोचा डबाही बंदच असतो, आणि तो रिकामा झाल्यावर आपल्या घरात वर्षानुवर्षं धान्य साठवतो किंवा भंगारात भाव मिळवतो. डाळ, साखर, गहू यांत तर भेसळ डोळ्यांना आणि हाताला कळते. पिशवीतून ती पाहणं उलट कठीण. हळद-तिखटाची भीती रास्त आहे, पण त्यावरचा खात्रीचा उपाय गावातल्या कांडपावर आहे, जिथे आपली मिरची आपल्यासमोर कुटली जाते.

गरिबाचा आक्षेप असा की, ज्याला रोजचं रोज आणायचं त्याला पाच रुपयांची पुडीच परवडते. थोडं घेण्याची गरज खरी आहे. पण थोडं विकणं हे पुडीनं सुरू केलं नाही. कागदाच्या पुरचुंडीत चहापत्ती आणि दोऱ्यानं बांधलेली साखर दुकानदार देतच होता. सुटं थोडंही विकता येतं. सरकारनंही जुलै २०२२ मध्ये बांधीव, नावाच्या छोट्या पिशव्यांतल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लावला तेव्हा सुट्या विक्रीला त्यातून वगळलं. दुकानदारापाशी सुटं विकायला करातही कारण आहे.

रस्त्याचा आक्षेप शिकलेल्या लोकांचा. मदुराईचे प्रा. आर. वासुदेवन यांनी डांबरात प्लॅस्टिक मिसळून रस्ता करण्याची पद्धत शोधली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. काम मोठंच आहे. पण डांबराच्या वजनाच्या साधारण ८ टक्क्यांपर्यंतच प्लॅस्टिक त्यात चालतं, आणि ते आधी गोळा, स्वच्छ आणि बारीक करून हवं असतं. सिमेंटच्या भट्टीलाही तेच लागू. म्हणजे पाचशे पुड्या वाकून उचलणारा माणूस पुन्हा हवाच, आणि त्याची मजुरी कोण देणार हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

खरा आक्षेप बायकांचा आहे, आणि तो सभेत मांडला जात नाही, कारण सभेत बोलणारे बहुधा पुरुष असतात. सुटी डाळ आणली की ती निवडायची कुणी? गहू पाखडायचे कुणी, मिरच्या वाळवून देठं खुडायची कुणी, तेलाचे डबे आणि बरण्या गरम पाण्यानं घासायच्या कुणी? पिशवीनं बाईचे रोजचे तास वाचवले, हे सत्य आहे. जुन्या काळाच्या गोडव्यात ते झाकणं अन्याय आहे. म्हणून मी 'पूर्वीसारखं करा' असं म्हणत नाही. यंत्रानं निवडलेली, चाळलेली डाळ पोत्यात येते आणि पोत्यातूनच काट्यावर तोलून देता येते. स्वच्छ असणं आणि पिशवीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरं, डबे दुकानापर्यंत नेणं-आणणं हे मोटारसायकलवर बसणाऱ्याचं काम व्हावं. ज्या घरात परतीच्या भांड्याचा सगळा भार पुन्हा बाईच्या डोक्यावर येईल त्या घरात ती रीत महिनाभरही टिकणार नाही, आणि टिकू नये.

इथे काय करता येईल

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी ६० रुपये, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये आणि प्लॅस्टिकवर प्रक्रियेच्या केंद्रासाठी तालुक्याला १६ लाखांपर्यंत, अशी तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या निधीतला मोठा वाटाही पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला आहे. हा पैसा गाडी, कुंड्या आणि शेड यांवर जातो. तो जाऊ द्या, पण त्यातला काही भाग गाडग्यावर खर्चावा, असं माझं म्हणणं आहे.

पहिलं काम लग्नाच्या मंडपात. तिथे पाण्याचा जार परत जाणारा असतो आणि शेजारी ठेवलेला पेला मात्र फेकायचा. जार परत करायची व्यवस्था आपण उभी केलीच आहे, तिच्यात फक्त पेला आणायचा आहे. बचत गटाकडे स्टीलची ताटं, वाट्या, पेले द्यावेत, त्यांवर गटाचं नाव घालून घ्यावं, भाडं आणि धुण्याची मजुरी ठरवावी. पंगतीचं काम करणाऱ्या बायांना ती मजुरी मिळावी. फुकटची सेवा म्हणून नाही. शाळेत पोरं पोषण आहाराची खिचडी आपापल्या ताटलीत खातात, मग त्यांच्या आईबापांना लग्नात ते का जमू नये?

दुसरं काम किराणा दुकानांचं. गावातल्या दोन-तीन दुकानदारांनी इथल्या डाळी, साखर, शेंगदाणे, रवा पोत्यातून सुटे विकायचे, आणि जो डबा-थैली घेऊन येईल त्याला किलोमागे पिशवीची किंमत सोडायची. दुकानदाराला तोलायला वेळ लागतो हे खरं. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशी नाही, इतर दिवशी सुरुवात करावी.

तिसरं काम गावाबाहेर पोचायचं आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. माझ्या पोत्यातल्या उरलेल्या पुड्या मी अंगणात नावांप्रमाणे मांडल्या. एकाच घराचा आठ दिवसांचा ढीग, पण नावं मोजकीच निघाली. निम्म्याहून जास्त पुड्या चार-पाच नावांच्या होत्या. प्रत्येक बहुथरी पुडीवर बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक शोधत बसलो. काहींवर सापडला, काहींवर दुमडलेल्या पट्टीखाली, काहींवर मिळालाच नाही. असेच ढीग गावातल्या पन्नास घरांचे लागले तर ग्रामपंचायतीला नाव, क्रमांक आणि वजन यांचा तक्ता करता येईल. तो ठरावाला जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवता येईल, आणि ज्यांची नावं आहेत त्यांनाही: तुमची इतकी भांडी आमच्या गावात पडून आहेत, न्यायला कधी येता?

पोतं मी फेकलेलं नाही. येत्या ग्रामसभेला ते बरोबर घेऊन जाणार आहे, पुड्या नावांप्रमाणे सुतळीनं बांधून.